दुकानात आवडलेलं परफ्यूम घरी आल्यावर ‘उडतं’ किंवा ‘बदलतं’, तेव्हा काय काय तपासायचं

गेल्या दिवाळीच्या आठवडाभर आधी माझा भाचा परफ्यूमची एक बाटली घेऊन घरी आला आणि टेबलावर ठेवत म्हणाला, “मावशी, हेही फुकट गेलं.” वर्षभरातली त्याची ही चौथी बाटली. तक्रार दर वेळी तीच. दुकानात कागदाच्या पट्टीवर वास घेतला तेव्हा एकदम ताजंतवानं वाटलं, म्हणून घेतलं. सकाळी लावून पुण्यात वारज्याहून हिंजवडीला पोचेपर्यंत वास गायब. आणि संध्याकाळी घरी येऊन शर्ट काढला की कॉलरला काहीतरी गोडसर, जड, अनोळखी उरलेलं. “डुप्लिकेट माल देतात,” हा त्याचा निष्कर्ष.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते आणि सुगंधाचं मला लहानपणापासून वेड आहे, त्यामुळे ही तक्रार मला स्टाफरूममध्ये, सोसायटीत, लग्नघरात सगळीकडे ऐकायला मिळते. नकली बाटल्या बाजारात आहेत, हे खरं. पण माझ्यासमोर आलेल्या बहुतेक तक्रारींत बाटली ठीक होती. माणसाने परफ्यूमचा पहिल्या पाच-दहा मिनिटांचा वास घेऊन पैसे मोजले होते, आणि जो वास पुढे सहा-सात तास अंगावर राहणार होता तो दुकानात हुंगलाच नव्हता. भाच्याच्या बाटलीवर आम्ही दोघांनी महिनाभर जे तपासलं ते इथे लिहिते आहे. ज्यांना हाच त्रास पुन्हा पुन्हा होतो त्यांनी याच क्रमाने जावं, कारण पहिलीच पायरी चुकली तर पुढचे उपाय उलटे पडतात.

वास खरंच उडाला, की नाकाला कळेनासा झाला?

“टिकत नाही” म्हणणाऱ्याला मी आधी हे तपासायला लावते. स्वयंपाकघरात फोडणी दिली की दहा मिनिटांनी घरातल्यांना तिचा वास जाणवत नाही, पण जिना चढून येणाऱ्या शेजारणीला दारातच कळतं. नाक सतत येणाऱ्या वासाची दखल घेणं थांबवतं. परफ्यूम मानेवर, नाकाच्या अगदी खाली फवारलं की हेच होतं, आणि तेही लवकर.

परीक्षा सोपी आहे. सकाळी परफ्यूम लावताना एक फवारा स्वच्छ सुती रुमालावर मारा आणि रुमाल झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बंद करून घरी ठेवा. डबा आधी नीट घासून घ्या, त्याला लोणच्याचा वास नको. संध्याकाळी घरात शिरल्या शिरल्या, हातपाय धुऊन, डबा उघडा. जो वास येईल तो ओळखीचा करून घ्या, कारण दुपारभर अंगावर साधारण तोच असतो. मग दुसऱ्या दिवशी परफ्यूम लावून ऑफिसात जा आणि अकरा-बारा वाजता बाहेरून आलेल्या एखाद्या सहकाऱ्याला विचारा.

भाच्याने विचारलं. सहकारी म्हणाला, “लाकडासारखा, व्हॅनिला आइस्क्रीमसारखा वास येतोय. जरा जास्तच येतोय.” भाचा चकित झाला. त्याला स्वतःला काहीच येत नव्हतं, म्हणून तो रोज दहा-बारा फवारे मारत होता! लिफ्टमध्ये त्याच्याबरोबर चढणाऱ्यांचे काय हाल होत असतील याची त्याला कल्पनाच नव्हती.

यात आणखी एक बारकावा आहे. आजच्या परफ्यूममध्ये तळाशी बहुधा कृत्रिम कस्तुरीवर्गातली, म्हणजे मस्कची द्रव्यं असतात. त्यांतली काही द्रव्यं काही जणांना जन्मतःच जाणवत नाहीत, किंवा फार पुसट जाणवतात. बाकीचे वास त्याच माणसाला व्यवस्थित येतात. हा आजार नाही, जनुकांतला फरक आहे. तुम्हाला एखादं परफ्यूम कधीच टिकत नाही आणि बायकोला, आईला मात्र ते रात्रीपर्यंत येतं, असं असेल तर हे कारण असण्याचा संभव मोठा. मग फवारे वाढवू नका. ते परफ्यूम दुसऱ्याच्या नाकावर विश्वास ठेवून वापरा, किंवा तळाशी चंदन, वाळा असं तुम्हाला स्वतःला येणारं काही असलेलं निवडा.

नाक थकत असेल तर दोन गोष्टी करा. परफ्यूम गळ्याच्या पुढे लावण्याऐवजी मानेच्या मागे किंवा कोपराच्या खळीत लावा, आणि एकच परफ्यूम रोज न लावता मध्ये दोन-तीन दिवस सोडा. दुकानात कॉफीच्या बिया हुंगायला देतात त्याने माझ्या अनुभवात काही साधत नाही, उलट नाकाला आणखी एक तीव्र वास चिकटतो. स्वतःच्या कोपराचा, परफ्यूम न लागलेल्या त्वचेचा वास घ्या, नाहीतर दोन मिनिटं दुकानाबाहेर मोकळ्या हवेत उभे राहा.

नोट म्हणजे काय, ते घरातल्या वस्तूंवरून

नाक ठीक निघालं, तर प्रश्न परफ्यूमच्या रचनेचा. ‘नोट’ हा शब्द संगीतातला, म्हणजे सूर. लंडनचा सुगंधकार सेप्टिमस पीस याने एकोणिसाव्या शतकात वासांची चक्क स्वरसप्तकासारखी मांडणी केली होती. आज वरची, मधली आणि तळाची असे तीन थर सांगतात, आणि ते थर ठरतात कोणता रेणू किती लवकर हवेत उडतो त्यावरून.

ताज्या लिंबाची साल बोटांनी दुमडून दाबा. एक बारीक तुषार उडतो, खोलीभर वास येतो आणि बघता बघता जातो. ही वरची नोट. लिंबू, संत्रं, बर्गामॉट (लिंबू-संत्र्याच्या जातीचं एक फळ), पुदिना, काही हलके मसाले या वर्गातले. संध्याकाळी मंडईतून आणलेला मोगऱ्याचा गजरा रात्री जेवणं होईपर्यंत घमघमतो, सकाळी मलूल असतो. ही मधली नोट, तिच्यात फुलं आली, जायफळ-लवंग आली. आणि सहाणेवर उगाळलेलं चंदन सकाळी पूजेच्या वेळी आजोबा कपाळाला लावायचे, ते दुपारी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं तरी यायचं. किंवा उन्हाळ्यात माठात टाकलेली वाळ्याची जुडी घ्या, चार-सहा दिवस पाणी बदललं तरी वास देते. ही तळाची नोट.

वर्गात मी हे आकड्यांनी दाखवते. लिंबाच्या सालीतलं लिमोनीन, रेणुभार १३६. लॅव्हेंडरमधलं लिनॅलूल १५४. चंदनातलं सँटॅलॉल २२०. गॅलॅक्सोलाइड नावाची लोकप्रिय कृत्रिम कस्तुरी २५८. जड रेणू सावकाश उडतात, हा ढोबळ नियम. ढोबळ म्हणते कारण व्हॅनिलिनचा रेणुभार १५२ म्हणजे लिनॅलूलपेक्षाही कमी, तरी ते तळाशीच बसतं. ते मुळात घन आहे, त्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. हुशार मुलं हा प्रश्न हमखास विचारतात, आणि मला तो दर वर्षी आवडतो.

आता भाच्याच्या खोक्यावरची यादी बघू. वर ग्रेपफ्रूट आणि बर्गामॉट, मध्ये लॅव्हेंडर, तळाशी व्हॅनिला आणि अंबर. दुकानात त्याने घेतलं ग्रेपफ्रूट. दहाच्या मीटिंगला त्याच्या अंगावर होतं लॅव्हेंडर आणि थोडा व्हॅनिला. संध्याकाळी कॉलरवर उरलं ते निव्वळ व्हॅनिला-अंबर, जे त्याला लहानपणापासून आवडत नाही. केकसुद्धा तो चॉकलेटचाच मागायचा. बाटली अस्सल होती आणि ती आपलं काम नीट करत होती.

म्हणून पहिली सवय ही लावा: यादी खालून वर वाचा. तळाशी जे लिहिलं आहे ते तुम्हाला एकट्याने, बाकी काही नसताना आवडतं का? नसेल तर वर कितीही सुंदर संत्रं असो, ती बाटली तुमची नाही. लिंबूवर्गीय ताजेपणा दिवसभर हवा असेल तर निसर्गाचा नियम तुमच्या विरुद्ध आहे हे मान्य करा, आणि छोटी बाटली बॅगेत ठेवून दुपारी एकदा पुन्हा लावा. त्यात कमीपणा काही नाही, त्या प्रकारचं परफ्यूम असंच वापरायचं असतं.

खोक्यावरचे शब्द फसवतात

दुसरी चूक भाषेची. आपल्याकडे जुई, चमेली, मोगरा ही तीन वेगळी फुलं, आणि ज्याने ती हुंगली आहेत तो डोळे मिटून ओळखेल. इंग्रजीत या सगळ्यांवर ‘जास्मिन’ हा एकच शिक्का. माझ्या जावेने ‘जास्मिन’ वाचून मागवलेल्या बाटलीतून मोगरा आला नाही म्हणून ती फार हिरमुसली होती. खोक्यावर ‘जास्मिन सँबॅक’ असेल तर अपेक्षा मोगऱ्याची धरा, ‘ग्रँडिफ्लोरम’ असेल तर चमेलीची. नुसतं ‘जास्मिन’ असेल तर बहुतेक वेळा त्यात हेडिओनसारखं पारदर्शक, हवेशीर द्रव्य असतं. १९६६ सालच्या दिऑर कंपनीच्या ‘ओ सोवाज’ या परफ्यूममध्ये सुगंधकार एदमाँ रुदनित्स्का यांनी ते वापरलं आणि मग ते सगळीकडे गेलं. सुरेख आहे, पण त्यात मंडईतला गजरा शोधू नका.

‘ट्युबरोज’मध्ये रोज आहे म्हणून गुलाब समजणारे पुष्कळ. तो आपला निशिगंध, हार-गुच्छांतला. ‘व्हेटिव्हर’ म्हणजे वाळा. ‘सायप्रिओल’ म्हणजे नागरमोथा, जो दिवाळीच्या उटण्यात असतो. हे कळल्यावर कित्येकांचा चेहरा उजळतो, कारण नरक चतुर्दशीच्या पहाटेचा तो मातकट, थंड वास त्यांना मनापासून आवडत असतो आणि तो बाटलीत मिळू शकतो हे ठाऊक नसतं. ‘बेन्झॉइन’ म्हणजे आपण निखाऱ्यावर घालतो तो ऊद. आणि इथे सगळ्यात मोठा घोळ: बाटलीवरचं ‘ऊद’ किंवा ‘औद’ हे मात्र ते नव्हे. ते अगरू, आसाम आणि त्यापलीकडच्या प्रदेशांतल्या झाडाचं बुरशी लागून राळ धरलेलं लाकूड. देवघरातला धूप समजून ते घेतलं तर पहिल्या फवाऱ्याला गोठ्यासारखा, औषधासारखा वास येऊन दचकायला होतं. ज्यांना ते भावतं त्यांना मग दुसरं काही नको असतं, पण ते न हुंगता घेण्याची वस्तू नाही.

शिवाय नोटांची यादी ही घटकद्रव्यांची यादी नसते. ‘सागरी’ असं लिहिलेल्या बाटलीत समुद्राचं काही नसतं, तो बहुधा कॅलोन नावाच्या रेणूचा परिणाम असतो, थोडा कलिंगडासारखाही लागतो. ‘लिली ऑफ द व्हॅली’ या फुलाचं तेल व्यवहारात काढताच येत नाही, तो वास दर वेळी इतर द्रव्यं जुळवूनच उभा करतात. ‘अंबर’ म्हणजे बहुतेक वेळा लॅब्डॅनम नावाची राळ, व्हॅनिला आणि बेन्झॉइन, म्हणजे आपला निखाऱ्यावरचा ऊद, यांचं उबदार मिश्रण. यादी ही दिशा दाखवते, एवढाच तिचा उपयोग. ती वाचून ऑनलाइन मोठी बाटली मागवणं हे या सगळ्या त्रासाचं मूळ आहे असं मला दिवसेंदिवस वाटू लागलं आहे.

पुण्याची हवा आणि दुचाकी

परफ्यूमविषयी जे काही वाचायला मिळतं ते बरंचसं थंड देशांतलं. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी पारा ३८–४० अंशांवर, हवा कोरडी, अंगावर ऊन आणि वर दुचाकीवरचा वारा. अशा वेळी वरची नोट सिंहगड रोडच्या एका सिग्नललाच संपते आणि तळाचा भाग लवकर, जास्त जोराने वर येतो. हिवाळ्यात एसी शोरूममध्ये आवडलेलं गोड, मसालेदार परफ्यूम मे महिन्यात डोक्यात जातं ते यामुळे. उन्हाळ्यात वाळा, चंदन, नागरमोथा, लिंबूवर्गीय, केवड्याच्या जवळचं काही घ्या, आणि फवारे दोनच. व्हॅनिला, औद, अंबर डिसेंबरच्या सकाळींसाठी ठेवा, तेव्हा थंडीत वास अंगाजवळ राहतो आणि स्वेटरलाही शोभतो.

पावसाळ्याचं गणित वेगळं. दमट हवेत वास जास्त जाणवतो, आणि न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास त्यात मिसळतो. त्यावर परफ्यूम मारलं की दोन्ही मिळून तिसरंच काही तयार होतं. आधी कपडे नीट वाळवा, शक्य तर इस्त्री करा, मग एकच हलका फवारा. पहिल्या पावसाच्या मातीचा वास आवडणाऱ्यांसाठी उत्तर प्रदेशातल्या कनौजचं मिट्टी अत्तर आहे. भाजलेल्या मातीवरून वाफ नेऊन तो वास चंदनतेलात धरतात. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी या वासाला ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं, कनौजचे अत्तरिये तो त्याच्या कितीतरी आधीपासून कुपीत भरत होते.

दुचाकीवाल्यांसाठी एक साधा उपाय: परफ्यूम घरी लावूच नका. छोटी बाटली बॅगेत ठेवा आणि ऑफिसला पोचून, तोंड धुऊन, घाम टिपून मग लावा. डिकीत मात्र ठेवायची नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत परफ्यूम आठवड्याभरात शिजतं, लिंबूवर्गीय तर आधी.

त्वचा, कपडे, दागिने

कोरड्या त्वचेवर परफ्यूम लवकर उडतं, तेलकट त्वचेवर टिकतं. आंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा बोटाच्या टोकाइतकी पेट्रोलियम जेली लावून त्यावर फवारा, फरक त्याच दिवशी कळेल. खोबरेल तेल नको, त्याला स्वतःचा वास असतो. मनगटावर मनगट घासायची सवय सोडा. त्याने ‘रेणू तुटतात’ असं काही नाही, पण चोळून ऊब मिळते आणि वरची नोट आणखी लवकर निघून जाते.

सुती कपड्यावर वास त्वचेपेक्षा जास्त टिकतो. पण पैठणीवर, कुठल्याही रेशमावर थेट फवारू नका, डाग पडतात, आणि पैठणीवरचा डाग ही भरून न येणारी गोष्ट आहे. मोत्यांची नथ, मोत्यांच्या कुड्या परफ्यूम सुकल्यावरच घाला, मोत्याचं पाणी उतरतं. आपल्या जुन्या माणसांनी यावर काढलेला मार्ग अजून उत्तम आहे: कापसाचा फाया. सासूबाई हळदीकुंकवाला जाताना अत्तराचा फाया कानाच्या पाळीवर ठेवायच्या आणि परत आल्यावर तोच साड्यांच्या कपाटात टाकायच्या. आजही ते कपाट उघडलं की हिना येतो.

डोकं दुखतं, मळमळतं, अंगावर पुरळ येतं

डोकेदुखीची तक्रार आली की मी आधी बाकीचे वास मोजायला लावते. कपडे धुण्याची पावडर, वर फॅब्रिक कंडिशनर, केसांचं तेल, डिओ, अंगाची पावडर, सकाळची उदबत्ती, मग परफ्यूम. एवढ्या वासांची गर्दी झाल्यावर दोष एकट्या परफ्यूमला देणं बरोबर नाही. एका रविवारी बाकी सगळं बिनवासाचं ठेवा आणि परफ्यूमचा एकच फवारा छातीवर, कपड्याच्या आत मारा. डोकं दुखलं नाही तर कारण गर्दीत आहे.

तरीही दुखलं तर ते नेमकं कोणत्या प्रकाराने, हे वहीत लिहा. माझ्या एका मैत्रिणीच्या तीन नकोशा बाटल्यांत आम्हाला समान धागा सापडला, तिन्हींत पांढरी फुलं होती. निशिगंध, मोगरा यांच्या वासात इंडोल नावाचं द्रव्य असतं. अगदी थोडं असताना ते फुलाला जिवंत करतं, जास्त झालं की डांबराच्या गोळीची आठवण देतं, आणि काहींना ते सोसत नाही. तिने गुलाब आणि वाळ्याकडे मोर्चा वळवला, त्रास थांबला. ज्यांना अर्धशिशी किंवा दमा आहे त्यांनी असे प्रयोग करू नयेत, आणि घरात असं कोणी असेल तर आपणही बेताने वापरावं.

पुरळ, खाज, काळपट डाग दिसले तर परफ्यूम लगेच बंद आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे. दाढी केल्या केल्या गालावर फवारू नका. लिंबूवर्गीय तेल लागलेल्या त्वचेवर कडक ऊन पडलं तर डाग पडू शकतात, बर्गामॉटमधलं बर्गाप्टीन हे त्यातलं ओळखीचं कारण. बर्गामॉटयुक्त परफ्यूम उन्हात जाताना कपड्यावर लावणं बरं.

ईडीटी, ईडीपी आणि अत्तर

यावर लोक गरजेपेक्षा जास्त विचार करतात. ढोबळमानाने ईडीटीत (ओ द त्वालेत) सुगंधी द्रव्यांचं प्रमाण ५ ते १५ टक्के, ईडीपीत (ओ द पार्फम) १५ ते २० टक्के, नुसतं ‘पार्फम’ लिहिलेल्यात त्याहून जास्त. पण लिंबाचं ईडीपी वाळ्याच्या ईडीटीपेक्षा आधी उडू शकतं, कारण निर्णय तळाच्या नोटेचा असतो. नावावर जाऊन दुप्पट पैसे देऊ नका. ‘पुरुषांसाठी’, ‘स्त्रियांसाठी’ ही लेबलंही दुकानाच्या सोयीची. मी स्वतः वर्षानुवर्षं पुरुषांच्या फळीवरचं वाळ्याचं परफ्यूम वापरते.

अत्तर हा वेगळा रस्ता आहे आणि ‘टिकत नाही’ म्हणणाऱ्यांनी तो एकदा चालून बघावाच. त्यात अल्कोहोल नसतं. पारंपरिक पद्धतीत तांब्याच्या देगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुलं आणि पाणी उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या दुसऱ्या भांड्यात जाते आणि तिथे चंदनतेलात मुरते, म्हणजे तळाची नोट आधीच बसलेली असते. पहिल्या मिनिटाचा तो चुरचुरीत झगमगाट त्यात मिळणार नाही, खोलीभर दरवळही नाही. जवळ येणाऱ्यालाच कळेल. रविवार पेठेत आणि कॅम्पात अत्तराची जुनी दुकानं आहेत, तिथे काचेच्या काडीने हातावर लावून देतात. एकच लावून घ्या आणि निघा. चंदनतेल फार महाग असल्याने स्वस्त अत्तरांत दुसरंच तेल असतं, त्यामुळे भाव फारच कमी सांगितला तर तो विचारात घ्या.

घेण्याआधीची पद्धत

सुट्टीच्या दिवशी सकाळी, डिओसुद्धा न लावता बाहेर पडा. दुकानात कागदाच्या पट्टीवर चार-पाचच्या वर हुंगू नका. पट्टी ही फक्त नकार देण्यासाठी, होकारासाठी त्वचाच हवी. त्यातलं एक डाव्या मनगटावर, फार तर दुसरं उजव्या कोपरात. आणि मग दुकानातून बाहेर. इथेच बहुतेक जण कच खातात, कारण समोर विक्रेता उभा असतो, आजच्या दिवसाची सवलत असते. “उद्या येते,” एवढंच म्हणायचं. चांगला दुकानदार याचा राग मानत नाही.

मग नेहमीचं आयुष्य जगा. बसने, गाडीने घरी या, भाजी निवडा, उन्हातून एक चक्कर मारा. दहा मिनिटांनी, तासाने, चार तासांनी आणि झोपताना असं चार वेळा वहीत लिहा. नोटांची नावं लिहायची गरज नाही, जे आठवेल ते लिहा. भाच्याच्या वहीतली एक नोंद अशी होती: “१० मि. – आलं. १ तास – आजीचं देवघर. ४ तास – ओला माठ. झोपताना – अजून माठ, छान.” ती बाटली त्याने घेतली, वाळ्याची, आणि सहा महिन्यांत एकदाही तक्रार आली नाही.

जमेल तिथे २ ते ५ मिलिलिटरची नमुना कुपी घ्या आणि आठवडाभर वापरा, १०० मिलिलिटरच्या पश्चात्तापापेक्षा ती स्वस्त पडते. लग्नात भेट देतानाही मी आता मोठ्या बाटलीऐवजी छोट्या तीन कुप्या देते.

जुनं आवडतं परफ्यूम नव्या बाटलीत वेगळं लागत असेल तर तुमचा भ्रम असेलच असं नाही. सुरक्षिततेचे नियम बदलतात तशी सूत्रंही बदलतात. उदाहरणार्थ लिलियल हे फुलांचा वास देणारं द्रव्य युरोपात मार्च २०२२पासून बंद झालं आणि अनेक परफ्यूमांना ते काढावं लागलं. त्यामुळे “मी हेच वापरते” असं असलं तरी नवी बाटली घेताना पुन्हा हुंगा.

जे आधीच घरात आहे त्याचं काय?

नकोशा बाटल्या बाथरूमच्या फळीवर किंवा खिडकीत ठेवल्या असतील तर आधी उचला. वाफ, ऊन आणि उष्णता यांनी त्या खराब होतात. खोक्यात घालून कपाटात ठेवा. रंग गडद झाला म्हणून फेकू नका, व्हॅनिलिन असलेलं परफ्यूम काळाबरोबर तपकिरी होतंच. बरेच दिवस न वापरलेल्या बाटलीचे पहिले दोन फवारे हवेत सोडा, नळीत अडकलेला भाग शिळा असतो. त्यानंतरही आंबूस किंवा रॉकेलसारखा वास आला तरच ती गेली असं समजा.

बाकीच्या बाटल्यांना दुसरा ऋतू द्या. भाच्याची ती व्हॅनिलाची बाटली मी माझ्या कपाटात ठेवून घेतली होती. जानेवारीत तो पहाटे सिंहगडावर निघाला तेव्हा कडाक्याची थंडी होती. मी त्याच्या मफलरच्या टोकाला एक फवारा मारला, एकच. गडावरून परत आल्यावर मफलर काढत त्याने विचारलं, “मावशी, हे कोणतं गं?” बाटली दाखवली. ती आता त्याच्याकडे आहे, खोक्यावर त्याने पेनने लिहिलं आहे: डिसेंबर–जानेवारी, फक्त लोकरीवर.